घरातली ओल, लोणा आणि बुरशी : दर पावसाळ्यात मला विचारले जाणारे प्रश्न

मी सातारचा. वडील गवंडी होते, मी डिप्लोमा करून साइटवर सुपरवायझरी केली आणि पुढे गळतीची, ओलीचीच कामं जास्त येत गेली. बहीण सांगलीत गावभागात दिलीय, त्यामुळे डोंगराचा पाऊस आणि नदीचा पूर दोन्ही घरचेच. जून लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

दादा, भिंतीला ओल आलीय, कुठला रंग लावू?

नव्वद टक्के फोन असेच सुरू होतात. रंगाचं नंतर बघू, आधी पाणी येतंय कुठून ते सांगा. वाटा चारच आहेत, वरून (स्लॅब, गच्ची, कौलं), बाजूने (पावसाची झड, भिंतीतली पाइप), खालून (जमिनीतून चढणारं) आणि आतून (घरातलीच वाफ). वरची ओल छताला डाग पाडते, डागाची कड पिवळी-तपकिरी असते आणि पाऊस झाला की दोन दिवसांत वाढते. बाजूची ओल बहुतेक पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात नाहीतर बाथरूमच्या मागे. खालची जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत चढते आणि तिथे वेडीवाकडी रेघ सोडते, तिच्या आसपास गिलाव्याचे पोपडे सुटतात. आतली ओल डाग न पाडता काळे ठिपके पाडते, कपाटामागे, पडद्यामागे, छताच्या कोपऱ्यात, जिथे वारा फिरत नाही तिथे.

वाट चुकली की खर्च फुकट. खालून ओल असताना गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून बसलेली माणसं मी बघितलीत, आणि गच्चीवर काम झालं म्हणून दुसऱ्या वर्षी पुन्हा ओल आली की "वॉटरप्रूफिंगवालेच सगळे चोर" असं म्हणणारीपण. चोर असतात काही, पण सगळ्यांनाच धरून चालत नाही.

आतून म्हणजे कुठून? आमचा एकपण नळ गळत नाही.

नळ नाही गळत, पण तुम्ही गळताय की. श्वास, आंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे. चार माणसांच्या घरात दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत जातं. गॅसचंच बघा, एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत किचनच्या हवेत बावीस लिटर पाणी सोडलेलं असतं आणि त्यात भाताची, डाळीची वाफ धरलेलीच नाही. उन्हाळ्यात हे सगळं खिडकीतून निघून जातं, कुणाला कळतपण नाही. पावसाळ्यात खिडक्या बंद, वर हॉलमध्ये दोरी बांधून त्यावर जीन्स. मग ती वाफ गार भिंत शोधते आणि तिथे बसते.

जूनमध्ये फरशीला घाम फुटतो, खाली पाणी लागलंय का?

बहुतेक वेळा नाही. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो तसंच हे. बाहेर २८ अंश आणि दमटपणा ८५ टक्के असेल तर २५ अंशांच्या आसपास असलेली कुठलीही वस्तू घामेजते, आणि तळमजल्याची शहाबादी फरशी तेवढी गार सहज असते. दोन-चार दिवस हवा बदलली की आपोआप थांबतं. पण ऐन एप्रिलमध्ये, बाहेर कडकडीत ऊन असताना फरशीच्या सांध्यातून ओल दिसायला लागली तर मात्र ते घाम नाही, तेव्हा ड्रेनेजची नाहीतर नळाची लाइन तपासा.

मग ओल आतली की भिंतीतली, हे घरी कसं ओळखायचं?

पोळ्या गुंडाळतो तो चांदीचा कागद घ्या, वीतभर चौकोन कापा, भिंत फडक्याने कोरडी पुसा आणि चारी बाजूंनी टेप मारून कागद घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आपल्याकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी खोलीतल्या हवेतलं. काढल्यावर मागची बाजू ओली असेल तर भिंतीतून येतंय. दोन्हीकडे असेल तर दोन्ही, असंपण असतं. टेप निघत असेल तर तिथला रंग आधीच सुटलाय असं समजा आणि चांगली जागा बघून पुन्हा लावा.

पाइप गळतीसाठी अजून सोपं. रात्री टाकी भरा, सगळे नळ बंद करा, टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी कुणी उठायच्या आत बघा. खूण आणि पाणी यात बोटभर फरक पडला तर रात्रभर पाणी कुठेतरी जातंय. आधी फ्लश टाकी बघा, ती गुपचूप वाहत असते, मग भिंती फोडायच्या गोष्टी करा.

भिंतीवर पांढरा कापूस आलाय, ही बुरशी का?

बोटावर घ्या आणि पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर लोणा, नाही विरघळलं आणि वास कुबट आला तर बुरशी. लोणा म्हणजे क्षार. पाणी विटेतून, मातीतून चालताना मीठ बरोबर घेतं, भिंतीच्या तोंडाशी येऊन पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. सांगलीकडच्या, वाळवा-पलूसच्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको, उसाला पाणी पाजून पाजून रान क्षारपड होतं आणि वर पांढरी बुकणी फुलते ना, तीच गोष्ट भिंतीत होते. त्या मातीच्या विटा आणि खाऱ्या बोअरच्या पाण्याने मारलेलं क्युरिंग (नव्या बांधकामावर पाणी मारणं) असेल तर नव्या घरातपण पहिल्याच वर्षी लोणा फुलतो.

तो धुवायचा नाही. धुतला की मीठ विरघळून परत आत जातं आणि वाळल्यावर दामदुप्पट बाहेर येतं. कोरड्या ब्रशने झाडायचा, सुपात गोळा करायचा, बाहेर टाकायचा, आणि फुलायचा थांबत नाही तोवर दर पंधरा दिवसांनी हेच करायचं.

खालून चढणारी ओल. टाइल्स लावल्या तर थांबेल ना?

नाही हो. दिसायची थांबेल. पाणी टाइलच्या मागून वर चढतं आणि टाइल संपते तिथून बाहेर येतं, म्हणजे तीन फुटांवरची ओल आता पाच फुटांवर.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. आमचं जुनं घर काळ्या दगडाचं, मातीत बांधलेलं, आतून चुन्याचा गिलावा. शिकून आलो आणि वडिलांना म्हटलं, हे काय खरवडतं सारखं, सिमेंटचा गिलावा मारू आणि वर ऑइल पेंट देऊ. ते म्हणाले, "भिंतीला घाम येऊ दे की, कशाला तोंड दाबतोस तिचं." ऐकलं नाही. दोन वर्षं चकाचक होतं, तिसऱ्या पावसाळ्यात दिवाणाच्या मागचा गिलावा परातीएवढा तुकडा होऊन रात्री खाली पडला आणि मागची माती हाताने चिवडता येत होती एवढी ओली. जुन्या भिंतीत पाणी थोडं येतंच, पण चुन्यातून ते उडून जातं. सिमेंट आणि ऑइल पेंटने आम्ही जायची वाट बंद केली आणि यायची तशीच ठेवली.

मग करायचं काय तर आधी बाहेर बघा. घराचं जोतं आणि बाहेरची जमीन यांची पातळी बघा. रस्ता दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर घेतो, जुना कुणी उकरत नाही, त्यामुळे आजोबांच्या वेळी दोन पायऱ्या चढून जायचं घर आता रस्त्याच्या बरोबरीला येतं. पावसाचं पाणी जोत्यावरून आत येणार नाही तर काय. भिंतीलगतची माती, कुंड्या, विटांचा ढीग हलवा, भिंतीपासून लांब उतार देऊन कोबा करा, पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायात पडू देऊ नका. सांगलीच्या काळ्या मातीत हा कोबा फुटतोच, कारण ती माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, पावसात फुगते, म्हणून दर मे महिन्यात भेगा भरायच्या. नवीन घर बांधत असाल तर जोत्याच्या वर ओलप्रतिबंधक थर, ज्याला साइटवर सगळे डीपीसी म्हणतात, तो गवंडी घालतोय का हे उभं राहून बघा. एका दिवसाचं काम आहे, आणि राहिलं तर जन्मभर निस्तरायचं.

आमचं घर डोंगराला टेकलेलं आहे, मागची भिंत कधीच वाळत नाही.

साताऱ्यात माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला हे घरोघरी. पाऊस थांबल्यावरपण डोंगरातून पाझर चालूच राहतो आणि तुमची भिंत धरणाचं काम करते. आतून कितीही केमिकल फासा, पाणी मागून ढकलतंय. भिंत आणि डोंगर यांच्यात माणूस शिरेल एवढी चर मोकळी ठेवायची आणि पाणी बाजूला काढून द्यायचं. जागाच नसेल तर त्या भिंतीला कपाट, पलंग, धान्याची कणगी यातलं काहीही लावू नका, ती भिंत वाऱ्याला सोडा.

पश्चिमेच्या भिंतीचं वेगळं. आपल्याकडे झड तिकडूनच येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे पूर्वीपासून पावसाळ्याआधी घरं गवताने झाकून घेतात, आता प्लॅस्टिक आणि पत्रेपण दिसतात. म्हणजे भिंत भिजूच द्यायची नाही. आपण छज्जा नऊ इंचाचा काढतो आणि मग महागातला रंग शोधतो. आहे त्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, बोटभर खाच आहे का बघा. ती असली की पाणी तिथेच टपकतं, नसली की छज्ज्याच्या पोटावरून चालत भिंतीत जातं.

स्लॅब गळतोय. पूर्ण कोबा काढायचा का?

लगेच नाही. गळती बऱ्याचदा मधून नसतेच, पॅराफिट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून, पाइपच्या तोंडाशी, नाहीतर टाकीच्या खालून असते. पाणी जायची तोंडं बंद करून गच्चीत दोन इंच पाणी दोन दिवस साठवा आणि खाली डाग कुठे वाढतो ते बघा. एक लक्षात ठेवा, वरची भेग आणि खालचा डाग समोरासमोर असतीलच असं नाही, पाणी स्लॅबमधून चालत जाऊन भलतीकडे उगवतं. आणि गच्चीत पत्रा टाकला म्हणून सुटलात असं समजू नका, पत्र्याचं पाणी कुठे पडतंय ते बघा.

सांगलीत पूर येऊन गेला, भिंती कधी वाळतील?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. बहिणीच्या हॉलमध्ये छातीएवढं पाणी होतं, आणि ते उतरायला दिवस लागले. तिने दिवाळी आली म्हणून तीन महिन्यांच्या आत पुट्टी मारून रंग दिला. आत्याबाईंचा आग्रह, सणाला घर असं बघवत नाही. शिमग्यापर्यंत पापड सुटावेत तसा सगळा रंग सुटला.

ठोकताळा असा की विटेची भिंत वाळायला इंचाला एक महिना धरायचा, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. मेनस्विच बंद ठेवूनच आत शिरायचं, वायरमनने सगळे बोर्ड बघितल्याशिवाय चालू करायचं नाही. गाळ ओला असतानाच धुऊन काढायचा, वाळला की दगड होतो. गादी, उशा, भिजलेला प्लायवूडचा बेड यांचा मोह सोडायचा, आतून वाळतच नाहीत. जे वाळवण्यासारखं आहे ते एक-दोन दिवसांत वाळलं पाहिजे, त्याच्यापुढे बुरशी धरतेच. फुगलेला गिलावा, बोटाने वाजवल्यावर पोकळ आवाज येणारा, तो पाण्याच्या रेषेच्या वीतभर वरपर्यंत काढून टाकायचा आणि वीट उघडी ठेवायची. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा बहिणीने नुसती चुन्याची सफेदी मारली आणि रंग पुढच्या उन्हाळ्यात दिला. तो बसला.

काळी बुरशी म्हणजे तोच ब्लॅक फंगस का? घरात शुगरचा पेशंट आहे.

२०२१ पासून हा प्रश्न येतोच. कोरोनानंतर जो आजार झाला तो म्युकरमायकोसिस, त्याची बुरशी वेगळ्या जातीची, माती आणि कुजकट पाल्यापाचोळ्यात असते, आणि नाव काळं पडलं ते रोग्याचं मेलेलं मांस काळं दिसतं म्हणून. भिंतीवरचे काळे ठिपके बहुतेक दुसऱ्याच बुरशांचे असतात. म्हणून निर्धास्त राहा असं मात्र मी म्हणणार नाही. ओलसर, बुरशीच्या घरात दमा आणि श्वासाचे त्रास वाढतात हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच पुस्तक काढून सांगितलंय. लहान मूल, म्हातारं माणूस, दमेकरी, प्रतिकारशक्ती कमी असलेला पेशंट यांची झोपायची खोली आधी बदला, भिंतीचं काम नंतर करा. आणि घराबाहेर गेलं की खोकला थांबतो, आल्यावर सुरू होतो असं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, ते आपणहून घराचं विचारतीलच असं नाही.

साफ कशाने करू?

भांड्याचं लिक्विड आणि कोमट पाणी, बस. एन९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, पंखा बंद, कारण पंख्याने बुरशीची बी घरभर उडते. कोरडं घासायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं, भिंत वाळवायची. डाग राहिला तर राहू दे. साधारण तीन बाय तीन फुटांपर्यंत स्वतः करा, त्याच्यापुढे माणूस बोलवा. बाथरूमच्या टाइल्सवर ब्लीच चालतं, गिलाव्यावर नाही, तिथे रंग उडतो आणि मूळ आत तसंच राहतं.

एक मात्र कळकळीने सांगतो, ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड नाहीतर व्हिनेगर मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो. "दोन्ही टाकलं की डबल साफ" हे डोक्यातून काढा.

अँटीफंगल रंग चांगला का?

कोरड्या भिंतीवर चांगला. ओल्या भिंतीवर कुठलाच नाही. आणि वेळ चुकते आपली. सगळं गाव गणपतीआधी नाहीतर दिवाळीआधी रंग काढतं, तेव्हा भिंत चार महिने पाणी पिऊन बसलेली असते. एप्रिल-मे मध्ये द्या. पेंटर तेव्हा लग्नसराईत बिझी असतो, तरी धरून आणा.

पावसात खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

घड्याळाप्रमाणे नाही, हवेप्रमाणे. तीन-चारशे रुपयांना दमटपणा मोजायचं छोटं मीटर मिळतं, एक घेऊन ठेवा. आत साठ टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तम, सत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिला तर कपाट उघडून बघा. धो धो चालू असताना बाहेरची हवा ओलीच असते, तेव्हा बंद. उघडीप मिळाली, दुपारी जरा ऊन पडलं की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट मात्र कायम, नंतरपण दहा-पंधरा मिनिटं. बाकी बाजारातली ओल शोषणारी पाकिटं बंद कपाटापुरती ठीक, खोलीला काही होत नाही. खोलीला डीह्युमिडिफायर लागतो नाहीतर एसीचा ड्राय मोड, बिल आलं की कळेल.

साड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या टाकल्या तर बुरशी येत नाही ना?

त्या किड्यांसाठी आहेत. बुरशी येतेच, वर वास. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या बिलकुल नकोत, काही बाळांमध्ये जन्मतः एक एन्झाइम कमी असतं, त्यांचं रक्त त्याने बिघडू शकतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली विटा लावा, मागून हवा फिरली पाहिजे. कपडे हाताला कोरडे लागले तरी इस्त्री करून, गार होऊ देऊन ठेवा. साठवण कशी करावी ते सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरून शिकावं, जमिनीत खड्डा, त्यात हळद, वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत जाणारी हळद खडखडीत वाळलेली असायची आणि तोंड बंद. ओली हळद घातली असती तर जगातलं कुठलंही पेव वाचवू शकलं नसतं. अर्थात पुराचं पाणी आत शिरलं की पेवपण संपतं, तेही सांगलीने बघितलंय.

शेंगदाण्याला जरा बुरा आलाय, भाजून घेऊ का?

टाका. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही.

भाड्याचं घर आहे, मालक म्हणतो तुम्हीच कपडे आत वाळवता.

कधीकधी खरं असतं, म्हणून तो चांदीचा कागद आधी लावा आणि फोटो काढा. ओल भिंतीतून असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर दुरुस्ती मालकाची. लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवस थांबायचं, त्याने केलं नाही तर स्वतः करून भाड्यातून वळतं करता येतं, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण आधी चहा पिऊन बोला, आपल्याकडे नोटीस गेली की नातं संपतं. नवीन फ्लॅट असेल तर रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तोंडी सांगू नका, ईमेल नाहीतर रजिस्टर पत्र.

तुम्ही येऊन बघता का?

बघतो, पण येण्याआधी एक काम करून ठेवा. ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. पाऊस झाल्यावर दुसरी, आठवडाभर उघडीप मिळाल्यावर तिसरी. मी आल्यावर तासभर डोकं खाजवण्यापेक्षा त्या तीन रेघा बघून कळतं, रेघ पावसाबरोबर पुढे-मागे होतेय का बारा महिने तिथेच आहे. आमच्या मागच्या खोलीत अशा रेघा आहेत, खालच्या वडिलांच्या हातच्या. सिमेंट खरवडून परत चुना लावला त्या वर्षीची माझी सगळ्यात वर आहे, त्यानंतरच्या सगळ्या तिच्या खाली.